पंचविसाव्या दिवशीचा वैद्य
(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

ग्रहण लागलं की आमच्या घरात गरोदर बाईला कुणी विळीजवळ फिरकू देत नसे. भाजी चिरायची नाही, कापड कापायचं नाही. तिनं काही चिरलं तर पोटातल्या मुलाचा ओठ चिरलेला निघतो, असं आजी ठामपणे सांगायची. पुढं मी डॉक्टर झालो, भूलतज्ज्ञ म्हणून चाळीस वर्षं काम केलं आणि दुभंगलेल्या ओठांची कितीतरी मुलं माझ्यासमोर टेबलावर आली. त्यांच्या आयांना मी कधी काही विचारलं नाही, पण त्या आपणहून सांगायच्या, "डॉक्टर, त्या दिवशी मी नुसता एक कांदा चिरला हो." त्या एका कांद्याचं ओझं त्या बाईनं पाच-पाच, दहा-दहा वर्षं उरावर वागवलेलं असायचं.

खरं कारण असं, की गर्भ जेमतेम दीड-दोन महिन्यांचा असताना चेहऱ्याचे दोन्ही बाजूंचे भाग मध्ये येऊन जुळतात. ते जुळायचे राहिले तर ओठ दुभंगतो, कधी टाळूही दुभंगते. जगात साधारण सातशे जन्मांमागे एक मूल असं जन्मतं. मूल त्यामुळं सहसा दगावत नाही, आणि इथंच घात होतो. अपेंडिक्स फुटलं तर माणूस कर्ज काढून शहर गाठतो. ओठ फाटलेला असला तर 'बघू पुढच्या वर्षी' म्हणतो. पुढचं वर्ष येत नाही. मूल शाळेत जात नाही, मुलगी असली तर पाहुण्यांसमोर येत नाही.

अशा मुलांसाठी परदेशातून किंवा मोठ्या शहरांतून डॉक्टरांची पथकं यायची, आठ-दहा दिवस मोफत शस्त्रक्रिया करायची आणि परत जायची. आजही जातात-येतात. या पथकांचा इतिहास मला आज सांगायचा आहे. त्यांतल्या एका पथकाला मी हातभार लावलेला आहे, त्यामुळं मी अगदी त्रयस्थ आहे असं मानू नका.

आधी एक गैरसमज दूर करतो. प्लास्टिक सर्जरीत प्लास्टिक वापरतात असं अजून कितीतरी लोकांना वाटतं. हा शब्द मूळ ग्रीक, अर्थ 'आकार देणं'. माती मळून आकार देतात तसा. आणि मातीवरून आठवलं, या शास्त्राच्या इतिहासातला एक मोठा प्रसंग आपल्या पुण्याजवळचाच आहे.

इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक माणूस १७९२ च्या युद्धात टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका वैद्यानं त्याला नवं नाक बसवून दिलं. हा वैद्य विटा करणाऱ्यांच्या जातीतला होता, बहुधा कुंभार. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. पण त्याची रीत मात्र लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये सचित्र छापून आली. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली होती. मेणाचं नाक करायचं, ते सपाट करून कपाळावर ठेवायचं, भोवती रेघ ओढायची, तेवढी कातडी सोडवायची. दोन डोळ्यांच्या मधोमध एक पट्टी मात्र जोडलेली ठेवायची, म्हणजे रक्तपुरवठा तुटत नाही. मग कातडी वळवून नाकाच्या जागी बसवायची. वरून पाण्यात कालवलेल्या काताच्या लेपाच्या पट्ट्या. आणि साधारण पंचविसाव्या दिवशी, नवं नाक धरलंय याची खात्री झाली की ती जोडपट्टी कापून टाकायची.

हे वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जननं वीस वर्षं विचार केला, प्रेतांवर सराव केला आणि १८१४ मध्ये तीच शस्त्रक्रिया यशस्वी केली. युरोपात तिला 'भारतीय पद्धत' म्हणतात. म्हणजे या विद्येची पहिली नोंदलेली वारी पुण्याहून लंडनला गेली, उलट नाही. आपण या गोष्टीचा अभिमान बाळगतो, बाळगावा. पण मला त्यातला पंचविसावा दिवस जास्त महत्त्वाचा वाटतो. का, ते पुढं येईल.

मधली शंभर वर्षं ओलांडून पहिल्या महायुद्धाकडे येऊ. खंदकातून डोकं वर काढलं की गोळी चेहऱ्यावर लागायची. जबडा नसलेले, नाक नसलेले हजारो तरुण इंग्लंडला परतले. हॅरोल्ड गिलीज नावाच्या न्यूझीलंडच्या सर्जननं त्यांच्यावर काम करता करता आधुनिक प्लास्टिक सर्जरी उभी केली. दुसऱ्या महायुद्धात त्याचा नातलग आर्चिबाल्ड मॅकिंडो यानं ईस्ट ग्रिनस्टेड गावी जळालेल्या वैमानिकांना नवे चेहरे दिले. त्यांना तो गावातल्या खानावळींत मुद्दाम पाठवायचा, आणि गावकऱ्यांना बजावायचा की त्यांच्याकडे टक लावून पाहायचं नाही. चेहरा दुरुस्त करणं हे निम्मं काम, त्या चेहऱ्यानं लोकांत वावरता येणं हे उरलेलं निम्मं, हे त्यानं ओळखलं होतं.

युद्ध संपलं, पण जळालेली माणसं उरली. हिरोशिमाच्या बॉम्बनं चेहरे आणि हात आखडलेल्या पंचवीस तरुण मुलींना १९५५ मध्ये न्यूयॉर्कला नेण्यात आलं. नॉर्मन कझिन्स हे संपादक आणि हिरोशिमाचे पाद्री कियोशी तानिमोतो यांच्या खटपटीनं. माउंट सायनाय इस्पितळातल्या सर्जननी पैसे घेतले नाहीत, मुली अमेरिकी कुटुंबांत राहिल्या. ज्यांनी बॉम्ब टाकला त्यांच्याच देशात उपचार. ह्या विरोधाभासावर तेव्हा बरंच लिहिलं गेलं. त्या मुलींपैकी एक शस्त्रक्रियेच्या टेबलावर दगावली. भूलतज्ज्ञ म्हणून मी या गोष्टीपाशी नेहमी थांबतो. जगातल्या उत्तम इस्पितळात, उत्तम हातांखाली हे झालं.

त्या सर्जनपैकी आर्थर बार्स्की यांनी यातून एक धडा घेतला असावा. व्हिएतनामच्या युद्धात नापाम बॉम्बनं पोरं भाजत होती, तेव्हा त्यांनी मुलांना अमेरिकेला नेण्यापेक्षा सायगावच्या चो राय इस्पितळातच १९६९ मध्ये प्लास्टिक सर्जरीचं केंद्र काढलं आणि तिथल्या डॉक्टरांना शिकवलं.

इकडे आफ्रिकेत मॅकिंडोची किलिमांजारो पर्वताच्या उतारावर शेती होती. त्याचा शिष्य मायकेल वूड नैरोबीत सर्जन होता आणि टॉम रीस हा अमेरिकी सर्जन त्यांचा मित्र. तिघेही प्लास्टिक सर्जन. पूर्व आफ्रिकेत शेकडो मैलांत एकही डॉक्टर नाही, रस्ते नाहीत, तर छोट्या विमानातून डॉक्टर का नेऊ नये, अशी कल्पना त्यांच्या गप्पांत निघाली आणि १९५७ मध्ये 'फ्लाइंग डॉक्टर्स' ही सेवा सुरू झाली. पुढं तिचीच 'ॲमरेफ' ही आफ्रिकेतली मोठी आरोग्यसंस्था झाली. मात्र तिचं मुख्य काम चेहऱ्यांपेक्षा लसी, बाळंतपण आणि गावातल्या आरोग्यसेवकांचं प्रशिक्षण याकडे वळलं. सुरुवात सुरीनं झाली आणि गावातली माणसं तयार करण्यापर्यंत ती पोचली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आज आपण ज्यांना मोहिमा म्हणतो त्यांची सुरुवात साठच्या दशकाच्या अखेरची. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या इस्पितळात १९६५ मध्ये मेक्सिकोच्या सीमेवरून एक तेरा-चौदा वर्षांचा मुलगा आला. ओठ जन्मापासून फाटलेला. शस्त्रक्रिया झाली, आणि इतकी वर्षं लोकांत तोंड न दाखवणाऱ्या त्या मुलाचं आयुष्य पालटलं. डोनाल्ड लाउब या तरुण सर्जनच्या मनात ते घर करून राहिलं. त्यानं १९६९ मध्ये 'इंटरप्लास्ट' ही संस्था काढली आणि आपल्या शिकाऊ डॉक्टरांना घेऊन मेक्सिकोच्या फेऱ्या सुरू केल्या.

त्याच सुमारास, १९६८ मध्ये, एका मराठी माणसानं भारतात अशीच फेरी सुरू केली होती. डॉ. शरदकुमार दीक्षित. जन्म १९३० चा, पंढरपूरचा. अमेरिकेत प्लास्टिक सर्जन झाले आणि दर वर्षी भारतात येऊन मोफत शिबिरं घ्यायला लागले. आपल्यापैकी अनेकांनी ती शिबिरं पाहिली असतील, निदान पेपरात जाहिरात तरी वाचली असेल: दुभंगलेले ओठ, तिरळे डोळे, पडलेल्या पापण्या, चेहऱ्यावरचे व्रण. भारतीय जैन संघटना, रोटरी-लायन्ससारखे क्लब व्यवस्था पाहायचे. शाळेच्या वर्गात सतरंज्या अंथरलेल्या, बाहेर मांडवात रांगा. डॉक्टर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे सरकत जायचे आणि त्यांच्या हाताचा वेग पाहून आम्ही थक्क व्हायचो.

१९७८ मध्ये मोटार अपघातात त्यांचं शरीर अंशतः लुळं पडलं. नंतर स्वरयंत्राच्या कर्करोगानं आवाज गेला. हृदयविकाराचे झटके आले. हा माणूस चाकाच्या खुर्चीत बसून येत राहिला. ज्याचा स्वतःचा आवाज गेला तो दुसऱ्यांच्या मुलांचे ओठ शिवत होता. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०११ च्या नोव्हेंबरमध्ये ते ब्रुकलिनमध्ये वारले. त्यांच्यामागंही सहकाऱ्यांनी शिबिरं चालू ठेवली. त्यांनी किती शस्त्रक्रिया केल्या याचे आकडे इतके वेगवेगळे छापून आले आहेत की मी एकही सांगत नाही. हजारो घरांत त्यांचं नाव घेतात, एवढं पुरे.

१९८२ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचे डॉ. विल्यम मॅगी आणि त्यांच्या पत्नी कॅथलीन एका पथकाबरोबर फिलिपिन्समधल्या नागा शहरात गेले. शेकडो आईबाप मुलांना घेऊन आले होते. वेळ आणि सामान संपलं, बहुतेकांना परत पाठवावं लागलं. त्या परत जाणाऱ्यांच्या चेहऱ्यांपायी 'ऑपरेशन स्माइल' ही संस्था जन्मली. पुढं तिची पथकं अनेक देशांत जाऊ लागली. मोठे देणगीदार आले, दूरचित्रवाणीचे कॅमेरे आले. शस्त्रक्रियेच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले की कुणाचाही हात खिशाकडे जातो. मोतीबिंदू सोडला तर इतकं लगेच दिसणारं फळ वैद्यकात फार थोड्या ठिकाणी मिळतं.

पण तो दुसरा फोटो सहसा टाके काढायच्या आधीचा असतो.

आता माझी गोष्ट. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला एका तालुक्याच्या गावी परदेशी पथक आलं होतं. गावाचं आणि पथकाचं नाव सांगत नाही. सगळी माणसं भली होती, स्वखर्चानं आलेली. मी नव्यानं भूलतज्ज्ञ झालो होतो, मदतीला गेलो. दुभंगलेल्या ओठाच्या मुलाला भूल देणं तसं अवघड काम. सर्जन तोंडावरच काम करतो आणि श्वासाची नळीही तोंडातच. रक्त घशात उतरतं. एरवी आम्ही ओठांचा रंग पाहून प्राणवायू कमी पडतोय का ते ओळखायचो, इथं ओठच झाकलेले. मग कानाची पाळी आणि नखं पाहायची, छातीला स्टेथोस्कोप चिकटवून ठेवायचा, एक बोट नाडीवर. बोटाला लावायचं पल्स ऑक्सिमीटर तेव्हा आमच्याकडे कुणी पाहिलेलं नव्हतं. करोनानंतर ते घराघरांत आलं.

शेवटच्या दिवशी यादी लांबली. कुणाला परत पाठवायचं जिवावर येत होतं. संध्याकाळी सहा वर्षांची एक मुलगी टेबलावर आली. ओठ नीट होता, टाळू फाटलेली. टाळूची शस्त्रक्रिया ओठापेक्षा नाजूक, टाके जिभेआड, अन्न-पाण्यात भिजणारे. दमलेल्या हातांनी ती घेऊ नये असं मला वाटलं होतं. मी बोललो नाही. तरुण होतो, सगळे टाळ्या वाजवत होते. शस्त्रक्रिया पार पडली, मुलगी जागी झाली, दुसऱ्या दिवशी पथक हार-तुरे घेऊन गेलं.

दहाव्या दिवशी तिचे टाके सुटले. दूध पुन्हा नाकातून यायला लागलं. तिचा बाप तिला खांद्यावर घेऊन त्याच शाळेत आला, तर वर्ग भरलेले, पोरं पाढे म्हणत होती. शिपायानं त्याला माझ्याकडं धाडलं. तो एवढंच म्हणाला, "सायेब, ते डाक्टर कुठं बसत्यात?" मी त्याला काय सांगणार? तिची पुढची शस्त्रक्रिया शहरातल्या मोठ्या इस्पितळात झाली, पण तीन वर्षांनी. तोवर नाकातून बोलायची सवय पक्की झाली होती, ती गेली नाही.

म्हणून मला तो पुण्याजवळचा वैद्य आठवतो. कावसजीचं नाक बसवून झाल्यावर पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापायला तो तिथंच होता. आणि दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या मुलाला पंचविसावा दिवस एकच नसतो. ओठ तीन ते सहा महिन्यांत शिवतात, टाळू नऊ महिने ते दीड वर्षाच्या दरम्यान. मग बोलण्याचे धडे, कानांची तपासणी, कारण या मुलांच्या कानांत पाणी साठतं. आठ-दहाव्या वर्षी हिरडीत हाडाचा तुकडा बसवावा लागतो, दात सरळ करावे लागतात, काहींचा जबडा सतरा-अठराव्या वर्षी पुढं आणावा लागतो. अठरा वर्षांचं काम. आठ दिवसांच्या व्हिसावर ते कसं व्हायचं?

नोव्हेंबर १९९९ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'नं ऑपरेशन स्माइलच्या मोहिमांतल्या कामाच्या दर्जाबद्दल आणि काही मुलांच्या मृत्यूंबद्दल कठोर प्रश्न विचारले. मोठा गदारोळ झाला. संस्थेनं नंतर आपले नियम कडक केले, ही चांगली गोष्ट. त्याच वर्षी ब्रायन मुलानी आणि चार्ल्स वांग यांनी 'स्माइल ट्रेन' ही संस्था काढली. तिचा हिशेब वेगळा होता. अमेरिकेतून डॉक्टर, परिचारिका, खोकी विमानात घालून पाठवायच्या पैशात तिथल्याच सर्जनकडून कितीतरी जास्त मुलं बरी होतात. तेव्हा पैसे आणि प्रशिक्षण त्यांना द्या, पण डॉक्टर पाठवू नका. या मार्गानं आतापर्यंत जगभरात दहा लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आहेत आणि त्यांत भारताचा वाटा फार मोठा आहे. वाराणसीच्या डॉ. सुबोधकुमार सिंह यांच्याकडे शस्त्रक्रिया झालेल्या मिर्झापूरच्या पिंकीवरचा 'स्माइल पिंकी' हा माहितीपट २००९ मध्ये ऑस्कर घेऊन आला, ते आपल्याला आठवत असेल. २०१३ च्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात नाणं उडवायला हीच पिंकी उभी होती.

इतर संस्थाही त्याच वळणावर आल्या. इंटरप्लास्टनं २०१० मध्ये 'रीसर्ज' हे नाव घेतलं. नेपाळमध्ये डॉ. शंकरमान राई यांच्यासारखे तिथलेच सर्जन तिचं काम करू लागले. ऑपरेशन स्माइलनंही २०११ मध्ये गुवाहाटीत कायमचं केंद्र उभारलं. आणि याच्या कितीतरी आधी, १९५९ मध्ये, मुंबईत डॉ. चार्ल्स पिंटो यांच्या हाताखाली शिकलेले एक पारशी सर्जन केरळातल्या त्रिशूरच्या मिशन इस्पितळात गेले, ते पुढं अनेक दशकं तिथंच राहिले. डॉ. हिरजी अदेनवाला. हजारो ओठ त्यांनी शिवले, आणि पुढं ती मुलं स्वतःच्या मुलांना दाखवायला त्यांच्याकडे आली. आपल्या गुरूचं नाव त्यांनी त्या केंद्राला दिलं. त्यांची दीक्षितांशी तुलना करायचा मोह होतो. पण ती अन्यायाची होईल. मांडवातल्या रांगेत ज्यांचा नंबर लागला त्यांना त्रिशूर कुठं आणि ब्रुकलिन कुठं, याच्याशी काय देणं-घेणं? त्या काळी आपल्या जिल्ह्यांत प्लास्टिक सर्जन औषधालाही नव्हता. दीक्षित आले नसते तर त्यांतली बहुतेक मुलं तशीच म्हातारी झाली असती.

पथकं बंद करा, असं मी म्हणत नाही. आफ्रिकेत काही देशांत आजही प्लास्टिक सर्जन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि भाजून आखडलेल्या हाताला वाट पाहत बसता येत नाही. मात्र पथक आलं की मी दोन गोष्टी विचारतो. तुमच्याबरोबर उभा राहून शिकणारा इथला डॉक्टर कोण? आणि टाके सुटले तर बाप कुठं जाईल?

आपल्याकडे चित्र बरंच बदललं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, २०१३ पासून, अंगणवाडी-शाळांत तपासणी करणारी पथकं दुभंगलेल्या ओठाची मुलं शोधून वर पाठवतात. सहा वर्षांची, न शिवलेल्या टाळूची मुलगी आता क्वचित दिसते. अडतं ते बोलण्यापाशी. टाळू शिवली तरी जीभ जुन्याच वाटेनं जाते. 'प', 'ब', 'क' म्हणताना हवा नाकातून निसटते. ती वळवायला मुलाच्या स्वतःच्या भाषेत शिकवणारं माणूस लागतं, महिनोन् महिने. हे काम परदेशी सर्जनच्या आवाक्यातलं नाही, माझ्याही नाही, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी असे वाचाउपचारतज्ज्ञ फार थोडे.

निवृत्तीनंतर मी अधूनमधून अशा एका केंद्रात जाऊन बसतो. गेल्या खेपेला चार वर्षांची एक मुलगी होती. बाईंनी तिच्या नाकाखाली छोटा आरसा धरला आणि तिला 'पपई' म्हणायला लावलं. हवा नाकातून गेली की आरशावर वाफ धरते. धरली. बाईंनी आरसा पदरानं पुसला, पुन्हा धरला. पोरीनं डोळे वटारून, गाल फुगवून पुन्हा म्हटलं. या वेळी वाफ थोडी कमी होती. आईला त्यांनी कागदाची एक पट्टी दिली, रोज सकाळी तोंडासमोर धरून 'प' म्हणायला लावा, पट्टी हलली पाहिजे, असं समजावलं, आणि पुढच्या मंगळवारी परत बोलावलं.